पोटावर हात ठेवण्याआधी: व्हिसरल ऑस्टिओपॅथीकडे वळणाऱ्या नव्या फिजिओथेरपिस्टांसाठी

सोलापुरात पोट चोळून घेण्याची रीत जुनी आहे. बेंबी सरकली, पोट धरलं, की गल्लीतल्या एखाद्या जाणत्या बाईकडे जायचं आणि तेल लावून चोळून घ्यायचं. त्यामुळे व्हिसरल ऑस्टिओपॅथी, म्हणजे 'आतल्या अवयवांवर हातानं उपचार', असं म्हटलं की इथले रुग्ण दचकत नाहीत. दचकतात ती नुकती बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालेली मुलंमुली. गुडघा, खांदा, कंबर यांवर त्यांचा हात सराईतपणे चालतो, पोट समोर आलं की अडतो. काहींचं नेमकं उलट होतं. शनिवार-रविवारचं वर्कशॉप करून येतात आणि सोमवारी पहिल्याच रुग्णाचं लिव्हर मोकळं करायला घेतात.

दोघांनाही मला एकच गोष्ट सांगायची आहे. पोट तपासायला शिकणं हा या विद्येचा मोठा भाग आहे, उपचार हा त्यामानानं छोटा. ज्याचा हात पोटात काय बिघडलंय ते ओळखतो, तो कंबरदुखी म्हणून आलेल्या माणसाला वेळेवर सर्जनकडे धाडतो. एवढं जमलं तरी शिकल्याचं सार्थक झालं असं मी मानते. टेक्निक त्यानंतर.

थोडी ओळख, थोडा पुरावा

ऑस्टिओपॅथी, म्हणजे हातांनी तपासून हातांनीच उपचार करायची पद्धत, मूळची अमेरिकेतली. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ साली ही पद्धत मांडली आणि १८९२ मध्ये मिसूरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी तिचं पहिलं कॉलेज काढलं. पोटातल्या अवयवांवरच्या कामाला आजची शिस्तशीर मांडणी दिली ती फ्रान्सच्या ज्याँ-पिएर बराल यांनी. बराल मूळचे फिजिओथेरपिस्ट, ग्रेनोबलच्या फुप्फुसरोग रुग्णालयात काम करणारे. आपल्या एका रुग्णाची पाठदुखी पोट दाबून देणाऱ्या एका म्हाताऱ्यामुळे थांबली आणि तिथून आपलं कुतूहल जागं झालं, असं ते सांगत आले आहेत. म्हणजे त्यांची सुरुवातही एका जाणत्या हातापासूनच झाली.

त्यांची मूळ कल्पना सोपी आहे. पोटातला प्रत्येक अवयव शेजारच्या अवयवावरून घसरत असतो. तुम्ही श्वास घेता, डायफ्रॅम (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू) खाली येतो, त्याच्याबरोबर लिव्हर, जठर, मूत्रपिंडं खाली सरकतात. श्वास सोडला की परत वर. खोल श्वासात मूत्रपिंड तीनेक सेंटिमीटर हलू शकतं. ऑपरेशन, जुना जंतुसंसर्ग, सूज किंवा वर्षानुवर्षांची एकच बैठक यामुळे हे घसरणं कमी झालं, तर अवयवाला धरून ठेवणाऱ्या लिगामेंटांवर ताण येतो आणि तो पाठीत, कमरेत, खांद्यात जाणवू शकतो. हळुवार ताण देऊन ही हालचाल परत मिळवायची, असा उपचाराचा विचार आहे. बराल याखेरीज 'मोटिलिटी' मानतात, म्हणजे श्वासाशी संबंध नसलेली, अवयवाची स्वतःची अतिमंद लय. ती हाताला कळते असं त्यांचं म्हणणं. नवख्यानं या भागाच्या वाटेला जाऊ नये. दोन तपासणाऱ्यांच्या हातांचं तिथं एकमत होईल याची खात्री नाही, आणि ज्यावर एकमत नाही त्यावर उपचार ठरवू नये.

पुराव्याचं चित्र रुग्णाला आणि स्वतःला खरं सांगा. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले. हातानं केलेलं निदान भरवशाचं आहे आणि उपचारानं गुण येतो, या दोन्ही दाव्यांना पक्का आधार त्यांना मिळाला नाही. त्याआधी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातला कंबरदुखीवरचा अभ्यास आला होता. नेहमीच्या फिजिओथेरपीला पोटावरचा उपचार जोडला, तर सहा आठवड्यांनी दुखण्यात फरक दिसला नाही. वर्षभरानंतर मात्र पोटावर उपचार घेतलेल्यांचं दुखणं थोडं कमी होतं. अभ्यास छोटा होता. बद्धकोष्ठात पोटाच्या मसाजला यापेक्षा बरा आधार आहे, तरी तिथंही सगळे अभ्यास एका दिशेला बोट दाखवत नाहीत.

हे माहीत असूनही मी हे काम करते. श्वास, व्रण आणि मोठं आतडं या तीन ठिकाणी रुग्णाला आराम पडताना मला दिसतो. शिवाय बाकी उपचार, म्हणजे व्यायाम, पाणी, बैठक बदलणं, यांसाठी माणूस राजी होतो तो बऱ्याचदा त्या दुखऱ्या पोटावर कुणीतरी नीट हात ठेवल्यावरच. पण 'यानं मुतखडा पडतो', 'पित्ताशयातला खडा विरघळतो', 'शुगर उतरते' असं काहीही तोंडातून निघता कामा नये. निघालं तर ती फसवणूक आहे.

पायरी १: आधी कागद, मग शरीररचना

फिजिओथेरपिस्ट म्हणून राज्याच्या परिषदेकडची तुमची नोंदणी चालू हवी. पाटीवर तुमची पदवी असावी. दोन दिवसांच्या सर्टिफिकेटवर 'ऑस्टिओपॅथ' लिहू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये ऑस्टिओपॅथीच्या शिक्षणाचे निकष छापले. नव्यानं शिकणाऱ्यासाठी त्यात ४२०० तास आहेत, आणि त्यातले किमान १००० तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे. आधीच वैद्यकीय शिक्षण झालेल्यांसाठीही सुमारे १००० तास धरले आहेत. वर्कशॉप करावं, मीही करत असते. त्याला वर्कशॉप म्हणावं, इतकंच.

मग शरीररचना. पहिल्या वर्षाचं पुस्तक पुन्हा काढा आणि पोटाचं प्रकरण या वेळी परीक्षेसाठी न वाचता हातासाठी वाचा. कोणता अवयव कशाला टांगलेला आहे, कशाला टेकलेला आहे, हे बघा. लिव्हर दीड किलोच्या आसपास असतं, उजव्या फासळ्यांखाली, वरून डायफ्रॅमला बांधलेलं. मूत्रपिंडं कण्याच्या बाजूच्या सोआस स्नायूला टेकून असतात आणि उजवं डाव्यापेक्षा किंचित खाली. लहान आतडं सहा मीटर लांब, पण ते मागच्या भिंतीला जिथं चिकटलेलं असतं ती मेसेंटरीची (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याची) मुळी जेमतेम पंधरा सेंटिमीटरची. डावीकडे बेंबीच्या वरून ती तिरकी कमरेमागच्या उजव्या सॅक्रोइलियाक सांध्याकडे उतरते. ही तिरकी रेघ डोळे मिटून काढता आली पाहिजे. महारोहिणी, म्हणजे पोटातली मुख्य रक्तवाहिनी, बेंबीच्या जरा खाली, चौथ्या कंबरेच्या मणक्यापाशी दुभंगते.

मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये परवानगी काढून अर्धा दिवस घालवता आला तर जरूर घालवा. पुस्तकातलं पेरिटोनियम (पोटाच्या आतलं पातळ अस्तर) आणि बोटांना लागणारं पेरिटोनियम यांत फार अंतर आहे. ओळखीच्या रेडिओलॉजिस्टांनी परवानगी दिली तर सोनोग्राफी करताना शेजारी उभे राहा. लिव्हर आणि उजवं मूत्रपिंड एकमेकांवरून घसरताना पडद्यावर एकदा दिसलं, की श्वासाबद्दल आपण जे बोलतो ते पाठांतर राहत नाही.

पायरी २: विचारपूस

ही पायरी घाईत उरकू नका. पहिल्या भेटीचा निम्मा वेळ इथं गेला तरी चालेल.

सोलापुरात पोट मराठीत दुखतं, तेलुगूत दुखतं आणि कन्नडमध्येही दुखतं. पूर्व भागातली विडी वळणारी आजी 'कडुपु नोप्पी' म्हणेल, अक्कलकोटकडचे काका 'होट्टे नोवु' म्हणतील. दोन्ही भाषांतले दहा-पंधरा शब्द शिकून घ्या: दुखणं, जळजळ, उलटी, परसाकडे, पाळी, रक्त. दुभाष्या म्हणून शेजारणीला बसवलं तर पाळीबद्दल किंवा अंगावरून जाण्याबद्दल बाई बोलत नाही. मग निम्मी हिस्ट्री बाहेरच राहते.

काय विचारायचं? दुखणं कधीपासून, कुठून कुठं जातं, जेवणाशी आणि शौचाशी त्याचा संबंध काय. आधीची ऑपरेशनं, आणि त्यात सिझर न विसरता. 'ऑपरेशन झालंय का?' या प्रश्नाला बायका 'नाही' म्हणतात. सिझर आणि कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन त्यांच्या लेखी त्यात धरत नाहीत, म्हणून ते नाव घेऊन विचारा. टायफॉइड, कावीळ, टीबी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. शेवटची पाळी. कॉपर-टी. वजन. तंबाखू, मिश्री.

आणि दिवस कसा जातो ते विचारा. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास वाकून बसते. पोटाची वरची घडी दाबलेली, श्वास वरच्या छातीतच. यंत्रमागावरचा कामगार पाळीभर उभा असतो. मे महिन्याच्या उन्हात घाम गाळतो आणि पाणी मात्र बेतानं पितो, कारण कारखान्यात लघवीला जायची सोय धड नसते. बायकांचं तर त्याहून अवघड. शौचाला जायची भावना रोज दाबून ठेवणाऱ्या बाईच्या आतड्यावर तुम्ही कितीही हात चालवा, ती सवय बदलल्याशिवाय गुण येणार नाही.

पायरी ३: कोणत्या पोटाला हात लावायचा नाही

ही यादी पाठच करा. अचानक उठलेली असह्य कळ. फळीसारखं ताठ झालेलं पोट. ताप आणि पोटदुखी एकत्र. काळी शौच किंवा शौचातून रक्त. थांबत नसलेली उलटी. पोट फुगलंय आणि वारासुद्धा सरत नाही, त्यातून आधी ऑपरेशन झालेलं असेल तर जास्तच सावध राहा, कारण आतडं अडकलेलं असू शकतं. पिवळे डोळे. कारण नसताना उतरलेलं वजन. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि पोटात गोळा लागणं: पोटाचा टीबी आपल्याकडे दुर्मिळ नाही. पाळी चुकलेली. खड्याची चालू कळ. कॅन्सरचे उपचार सुरू असलेले. ताजे टाके. यातलं काहीही असेल तर तुमचं काम चिठ्ठी लिहिण्याचं आहे, टेबल तयार करण्याचं नाही.

मधुमेह असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला अचानक पोटाच्या वरच्या भागात दाब, मळमळ आणि घाम आला, तर ते 'गॅस' समजू नका. तो हार्ट अटॅक असू शकतो. आधी ईसीजी. शेंगा चटणी जास्त झाली म्हणून पोट चोळून घ्यायला आलेला माणूस असाच असू शकतो. मी अशा माणसाला टेबलावर झोपूही देत नाही.

काही खुणा तपासताना कळतात. बेंबीच्या वर, मध्यरेषेच्या किंचित डावीकडे हलका हात ठेवा. बारीक माणसात तिथं नाडीचा ठोका जाणवणं साहजिक आहे. पण ठोक्याबरोबर दोन्ही हातांची बोटं बाजूला ढकलली जात असतील, रुंदीत फुगल्यासारखं वाटत असेल, तर हात उचला. महारोहिणी फुगलेली असण्याची शक्यता आहे. साठीपुढच्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत हे आधी बघा. डाव्या फासळ्यांखाली प्लीहा हाताला लागली तर ती वाढलेली आहे असं धरा. निरोगी प्लीहा सहसा लागत नाही. तिच्यावर दाब नको, मसाज तर नकोच. उजव्या फासळ्यांखाली बोटं ठेवून खोल श्वास घ्यायला सांगितल्यावर रुग्णाचा श्वास कळ येऊन मध्येच अडला, तर पित्ताशयाला सूज असू शकते. त्याला मर्फीची खूण म्हणतात. पाठीत शेवटच्या फासळीच्या कोपऱ्यात हलकी मूठ मारल्यावर माणूस कळवळला, तर मूत्रपिंडाची तपासणी हवी.

कार्नेटची खूण मला सगळ्यांत उपयोगी वाटते. दुखऱ्या जागी बोट ठेवा आणि रुग्णाला उताणं झोपलेलं असतानाच डोकं व खांदे किंचित उचलायला सांगा. पोटाचे स्नायू ताठ होतात. दुखणं वाढलं तर ते बहुतेक पोटाच्या भिंतीतलं आहे, म्हणजे स्नायू, व्रण, नस. कमी झालं तर आतल्या अवयवाचा संशय घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, ओपीडीत रोज करा.

पायरी ४: टेबल, चादर, हात

जेवण होऊन निदान दोन तास झालेले असावेत. लघवी करून यायला सांगा. उताणं झोपवा, गुडघे वाकलेले, डोक्याखाली पातळ उशी. गुडघ्याखाली गुंडाळायला आपले सोलापुरी टॉवेल उत्तम. जाड दोन घेतले की उशीची गरज पडत नाही. नखं कापलेली हवीत. गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे थंडीच्या दिवसांत हात गार पडतात, ते चोळून गरम करा. गार हात लागला की पोट आपोआप आवळतं आणि पुढची पाच मिनिटं वाया जातात. उन्हाळ्यात घामेजलेल्या तळहाताची पंचाईत उलटी, तेव्हा पातळ सुती कापड मध्ये घ्या.

बाई रुग्ण असेल तर सोबत बाई हवी, तुम्ही स्वतः बाई असलात तरी. पदर किती सरकवायचा, हात कुठं लागणार, किती वेळ लागणार, हे आधी सांगा आणि 'चालेल का?' असं विचारा. 'थांबा' म्हटलं की लगेच थांबणार हेही सांगा, आणि थांबा. योनीमार्गातून किंवा गुदद्वारातून करायची तंत्रं या लेखाच्या आणि नवख्याच्या कक्षेबाहेरची आहेत.

आता पहिला स्पर्श. अख्खा तळहात बेंबीवर ठेवा आणि काहीच करू नका. चार-पाच श्वास नुसते मोजा. हात श्वासाबरोबर वर येतोय का, की पोट निश्चल आहे आणि छातीच वर-खाली होतेय? कुठली बाजू मागं राहते? मग हळूहळू एकेका थरात उतरा: कातडी, तिच्याखालची चरबी, स्नायूवरचं आवरण, स्नायू, मग पेरिटोनियम. प्रत्येक थराला थांबा. ज्वारीची भाकरी थापताना कडेला आलेला तळहात जसा आपोआप हलका होतो, तेवढाच जोर इथं पुरतो. श्वास सोडताना पोट तुम्हाला आत घेतं, श्वास घेताना बाहेर ढकलतं. आत जायचं ते सोडण्याच्या श्वासातच, आणि घेण्याच्या श्वासात जागेवर थांबायचं, रेटायचं नाही. रुग्णाच्या पोटाकडे बघण्याइतकंच त्याच्या चेहऱ्याकडे बघा. पोट दुखलं की भुवया आधी आक्रसतात.

सुरुवातीचे कितीतरी दिवस फक्त एवढंच करा, मित्रमैत्रिणींच्या निरोगी पोटांवर. जाड पोट, सपाट पोट, बाळंतपण झालेलं पोट, व्यायामाचं पोट. निरोगी म्हणजे काय हे हाताला कळल्याशिवाय अडलेलं कसं कळणार?

पायरी ५: डायफ्रॅमपासून सुरुवात

वरच्या पोटाच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात मी इथूनच सुरू करते, आणि कित्येकदा इथंच थांबते. दोन्ही अंगठे किंवा बोटांचे पुढचे भाग फासळ्यांच्या खालच्या कडेला लावा, मध्यापासून जरा बाहेर, छातीच्या हाडाच्या टोकावर दाब नको. रुग्ण श्वास सोडतो तेव्हा बोटं कडेखाली अलगद सरकतात. श्वास घेताना तेवढंच धरून ठेवा. पाच-सहा श्वासांनंतर बाहेरच्या बाजूला एक बोट पुढं जा.

विडी वळणाऱ्या बायांमध्ये ही कड सुरुवातीला दोरीसारखी ताणलेली लागते, बोट आत शिरतच नाही. काही मिनिटांत ती मऊ होते, मग बाई आपणहून मोठा श्वास घेते, आणि हा श्वास पोटापर्यंत उतरलेला दिसतो. छातीच्या हाडाच्या टोकाच्या पातळीवर टेप लावून, पूर्ण श्वास घेताना आणि सोडताना घेर किती बदलतो ते आधी आणि नंतर मोजा. आकडा कागदावर असला की तुमचं मन तुम्हाला फसवत नाही.

डायफ्रॅमची नस मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मणक्यांतून येते. म्हणूनच लिव्हर किंवा पित्ताशयाचं दुखणं उजव्या खांद्यात जाणवू शकतं. खांदा सगळ्या दिशांना मोकळा हलतोय आणि तरी दुखतोय, जेवणानंतर वाढतोय, असा रुग्ण आला तर खांद्याला मशीन लावण्याआधी पोट तपासा.

पायरी ६: लिव्हर, हलक्या हातानं

लिव्हरसाठी बसवून करायचं तंत्र नवख्याला सोपं पडतं. रुग्ण स्टुलावर बसतो, तुम्ही पाठीमागं उभे. तुमच्या दोन्ही हातांची बोटं उजव्या फासळ्यांच्या कडेखाली. रुग्णाला तुमच्या अंगावर जरा रेलू द्या आणि मग पुढं वाकवा. पोट सैल पडतं, बोटं आत जातात. आता श्वास सोडताना वरच्या दिशेनं किंचित उचल आणि हळूच सोड. अगदी थोडी हालचाल. पाच-सहा वेळा पुरे. कावीळ झालेली, लिव्हर वाढलेलं, दारूमुळे पोटात पाणी झालेलं असा कुणीही इथं नको. सोनोग्राफीचा रिपोर्ट मागून घ्या आणि वाचा.

मूत्रपिंड, स्वादुपिंड आणि ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) यांवरची तंत्रं खोल आहेत, मोठ्या रक्तवाहिन्या लगतच असतात. ती कुणी अनुभवी शिक्षक शेजारी असल्याशिवाय करू नयेत.

पायरी ७: आतडी आणि बद्धकोष्ठ

'साफ होत नाही' ही तक्रार तुमच्याकडे सगळ्यांत जास्त येईल. उजव्या बाजूला, कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून आत, सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात. डाव्या बाजूला तेवढ्याच जागी सिग्मॉइड, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा वळणदार भाग. सीकमच्या बाहेरच्या कडेला बोटांची रांग लावा आणि बेंबीकडे हलकंसं सरकवा, थांबा, परत येऊ द्या. सिग्मॉइड आतून वर आणि मध्याकडे उचलल्यासारखा. डाव्या बाजूला मळाचा कडक गोळा लागला तर दाबून फोडायचा नाही, त्यावर फक्त तळहात ठेवा. उजव्या बाजूला, हाडाचं टोक आणि बेंबी यांना जोडणाऱ्या रेषेवर टोकापासून एक तृतीयांश अंतरावर नेमकं दुखत असेल, तर अपेंडिक्सचा विचार आधी. हात बाजूला.

मग मसाज. बाहेर जाण्याचा रस्ता आधी मोकळा करायचा म्हणून डावीकडे वरून खाली सुरुवात, त्यानंतर आडवा भाग, शेवटी उजवीकडे खालून वर, आणि मग सगळं मिळून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. दहा-पंधरा मिनिटं. हे रुग्णाला स्वतःला करायला शिकवा. सकाळी चहा झाल्यावर, अंथरुणातच, गुडघे वाकवून. देशी संडासात बसता येत असेल तर तीच बैठक चांगली. गुडघ्यामुळे कमोड वापरणाऱ्यांना पायाखाली पाट द्या. पाणी, भाजी, चालणं यांचं बोलणं इथंच होतं. नळाला रोज पाणी येत नाही हे आपल्याला माहीत आहे. म्हणून 'भरपूर प्या' असं मोघम न सांगता रोजची एक ठराविक बाटली ठरवून द्या, आणि कामावर जायच्या आधी निम्मी संपवायला सांगा. हृदयाचे किंवा किडनीचे रुग्ण असतील तर पाण्याचं प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

ब्रिस्टल स्टूल चार्ट, म्हणजे शौच कशी होते ते दाखवणारा चित्रांचा तक्ता, भिंतीवर लावा. सात चित्रं आहेत. बोट ठेवून दाखवायला कुणाला लाज वाटत नाही, तोंडानं सांगायला वाटते.

पायरी ८: व्रण

माझ्या मते नवख्याच्या हातून सगळ्यांत जास्त उपयोग इथं होतो. सिझरचा आडवा व्रण, गर्भाशय काढल्याचा व्रण, दुर्बिणीच्या ऑपरेशनची बेंबीतली छोटी खूण. जखम पूर्ण भरलेली, सहा-आठ आठवडे उलटलेले आणि सर्जनची हरकत नसलेली हवी. लाली, पाझर, गरमपणा असेल तर परत सर्जनकडे. खोकताना व्रणाजवळ फुगवटा येत असेल तर तो हर्निया, त्यावर काम नाही.

दोन बोटं व्रणाच्या वर ठेवा आणि कातडी चारही दिशांना हलवून बघा. एखाद्या दिशेला ती अडते. बहुधा एका टोकाला जास्त. त्या दिशेला हलका ताण देऊन तीसेक सेकंद थांबा. मग व्रण चिमटीत उचलून हळू लोळवा. बायकांना अनेकदा व्रणाच्या वर बधिरपणा असतो. तो कापलेल्या बारीक नसांमुळे असतो, हे सांगितलं की त्यांची धास्ती कमी होते. कित्येक बायांनी आपल्या सिझरच्या व्रणाला वर्षानुवर्षं स्वतः हात लावलेला नसतो. पहिल्या दिवशी त्यांचाच हात तिथं ठेवून घ्या, त्यावर तुमचा. काही जणी रडतात. घाई करू नका, पाणी द्या, बाकीचं पुढच्या वेळी.

आतली चिकटलेली पेरिटोनियमची जाळी हातानं तुटते असं सांगू नका. कातडी आणि भिंत मोकळी होते, ओढ कमी वाटते, वाकायला सोपं जातं. तेवढंच सांगा.

पायरी ९: नंतर काय

एक सिटिंग वीस-तीस मिनिटांचं. उठताना कुशीवर वळून उठवा, लगेच उभं करू नका. पोटात गुरगुर होईल, थोडं सुस्त वाटेल, हे आधी सांगा. त्या रात्री कळ, ताप, उलटी किंवा रक्त दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, हेही सांगा. आठवड्यातून एकदा पुरे. तीन वेळा करून श्वासाचा घेर, शौचाचे दिवस आणि शून्य ते दहा यांतला दुखण्याचा आकडा, यांतलं काहीच हललं नाही, तर हा उपचार थांबवा आणि रुग्णाला तसं सांगून पुढं पाठवा. दहा सिटिंगचं पॅकेज विकू नका. विडीच्या मजुरीवर जगणाऱ्या घराला ती रक्कम फार मोठी असते.

पुढं पाठवताना नुसतं 'सिव्हिलला दाखवा' असं तोंडी सांगून भागत नाही. चिठ्ठी लिहा: वय, दुखणं किती दिवसांचं, तुम्हाला हाताला काय लागलं आणि कुठं, कोणती खूण आढळली, कोणत्या गोळ्या सुरू आहेत, तुम्ही काय केलं आणि काय केलं नाही. कशाचा संशय आहे ते स्पष्ट लिहा, निदान मात्र त्यांच्यावर सोपवा. तुमचा नोंदणी क्रमांक आणि मोबाइल नंबर खाली टाका. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, आणि दोन दिवसांनी रुग्णाला फोन करून सोनोग्राफी झाली का ते विचारा.